घार हिंडते आकाशी

२०२५ ची गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. आमच्याकडे गणपती सकाळीच बसतो. आई चौरंगाभोवती रांगोळी काढत होती, मी एकवीस-एकवीस दुर्वांच्या जुड्या बांधत होते आणि समोर टीव्हीवर परदेशी बातम्यांची वाहिनी चालू होती, आवाज बंद करून. आईला तेही खटकत होतं.

"आजच्या दिवशी तरी त्या गोऱ्यांना गप बसव की गं."

"गपच हाईत की ते," मी म्हटलं.

माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. नऊ वाजून एकतीस मिनिटं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्या वेळी मध्यरात्रीचे बारा वाजून एक मिनिट होतं, आणि त्या मिनिटापासून भारतातून जाणाऱ्या बहुतेक मालावरचं आयातशुल्क २५ वरून ५० टक्के होणार होतं. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं करते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बी-एल म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती. नियम असा होता की त्या मिनिटाच्या आत जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिकडच्या कस्टममधून सुटलेला माल वाढीव २५ टक्क्यांतून वाचेल. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून निघालेला डबा, म्हणजे कंटेनर, एवढ्या दिवसांत अमेरिकेत पोचून सुटायचा, तर त्याला पंखच हवेत. आमचे दोन डबे भर समुद्रात होते. मालक दर अर्ध्या तासानं फोन करत होते, जणू जहाज मीच हाकत होते.

पडद्यावर वॉशिंग्टन झालं, दिल्ली झाली. मग तिरुपूरचे होजिअरी कारखाने, सुरतेचे हिरे, आंध्रातली कोळंबी. सोलापूर नाही. टॉवेलचा 'ट'सुद्धा नाही. आईनं तोवर पूजेचं ताम्हन पुढं केलं आणि मी टीव्ही बंद केला.

आरती म्हणताना एक विचार डोक्यात घुसला तो आजतागायत गेला नाही. त्या वाहिनीच्या लेखी ही 'जागतिक' बातमी होती. व्यापारयुद्ध, दोन मोठे देश वगैरे. माझ्या लेखी ती इतकी घरची होती की गणपतीच्या शेजारी येऊन बसली होती. आमच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना दिवाळीला बोनस मिळणार की नाही, हे त्या बातमीत होतं. पण ते फक्त आम्हालाच दिसत होतं.

मला या परदेशी वाहिन्यांचं वेड कधी लागलं ते नक्की सांगता येतं. १९९३. मी तेरा वर्षांची होते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या, गल्लीत गुलाल तसाच पडला होता. पहाटे चारच्या सुमाराला भांड्यांची मांडणी खडखडली. एक पितळी तांब्या गडगडत माझ्या अंथरुणापर्यंत आला. अप्पा "भायेर व्हा, भायेर व्हा" ओरडत होते. आम्हाला वाटलं, संपलं एवढ्यावर. उजाडल्यावर कळलं की किल्लारी आणि सास्तूरकडची गावंच्या गावं दगडामातीखाली गेलीत. जखमींना सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आणायला लागले. आमच्या गल्लीतली पोरं, कपाळावरचा कालचा गुलालही नीट न पुसता, रक्त द्यायला गेली.

समोरच्या मास्तरांकडं नुकतीच केबल आली होती. दोन-तीन दिवसांनी त्यांनी बीबीसी लावली आणि खिडकीतनं हाक मारली. आम्ही दहा-बाराजण त्या खोलीत उभ्यानं बघत होतो. गोरी बाई ढिगाऱ्यापुढं उभी राहून बोलत होती. इंग्रजी कुणाला फारसं कळत नव्हतं. पण तिनं 'लाटूर' म्हटलं आणि खोलीत एकदम सळसळ झाली. लाटूर, लाटूर म्हणली बघ! खरं सांगायचं तर त्या सळसळीत थोडा अभिमान होता. आपलं नाव लंडनच्या बाईच्या तोंडी. अप्पा गिरणीतून पाळी संपवून आले होते, दारातच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "एवढी माणसं मेली तवा आलं नाव." आणि घरी जाऊन जेवायला बसले.

पुढं कॉलेजात असताना कळलं की अप्पांच्या या वाक्याला विद्यापीठात नाव आहे. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या दोन नॉर्वेजियन अभ्यासकांनी १९६५ साली एक निबंध लिहिला. काँगो, क्युबा आणि सायप्रसच्या बातम्या नॉर्वेच्या वर्तमानपत्रांनी कशा दिल्या हे त्यांनी तपासलं आणि परदेशातली घटना बातमी कधी होते याच्या अटी काढल्या. एक अट अशी की घटनेला उंबरठा ओलांडावा लागतो. जितकं लांब आणि जितकं परकं, तितका उंबरठा उंच. बलाढ्य देशात काही झालं तर उंबरठा जवळजवळ नसतोच. किल्लारीला तो ओलांडायला हजारो माणसं लागली. लंडनमध्ये बर्फानं रेल्वे उशिरा धावली तरी पुरतं.

तेव्हापासून मी एक खेळ खेळते. कुठलीही 'आंतरराष्ट्रीय' म्हणवणारी वाहिनी लावायची आणि तिचं घर कुठं आहे ते ओळखायचं. मोठ्या बातम्यांवरून ते कळत नाही. युद्ध, भूकंप, ट्रम्प हे सगळ्यांकडं सारखंच असतं. घर कळतं बारीकसारीक बातमीवरून. जिथली किरकोळ गोष्टही बातमी होते, ते वाहिनीचं घर. आणि दुसरी खूण आणखी सोपी. घरच्या माणसाची ओळख करून द्यावी लागत नाही. बीबीसीवर 'डाउनिंग स्ट्रीट' म्हटलं की पुढं काही नाही, जगानं समजून घ्यायचं. महाराष्ट्राचं नाव आलं की मात्र 'पश्चिम भारतातलं राज्य' अशी शेपटी लागतेच. पाव्हणा आल्यावर आपण सांगतो ना, हे आमच्या मेव्हण्याचे साडू, तसं. घरातल्याला कोण ओळख करून देतं?

आपल्याकडं म्हणतात, घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी. उपग्रहवाहिनीला याच्याहून चपखल म्हण मला सापडलेली नाही. छत्तीस हजार किलोमीटरवरून फिरते, सगळी पृथ्वी खाली दिसते, आणि लक्ष?

बीबीसीनं तर हा पेच उघडाच करून दाखवला. पूर्वी त्यांच्या दोन वाहिन्या होत्या. ब्रिटनमधल्या लोकांसाठी एक, जी १९९७ मध्ये सुरू झाली, आणि बाहेरच्यांसाठी दुसरी. घरचीचा खर्च लोकांनी टीव्हीसाठी भरलेल्या परवानाशुल्कातून, बाहेरचीचा जाहिराती आणि वर्गणीतून. पैसे वाचवायचे म्हणून ३ एप्रिल २०२३ ला दोन्ही एक केल्या. एकच निवेदक, एकच पडदा, आणि ब्रिटनमध्ये काही मोठं झालं तर तेवढ्यापुरता तिकडचा प्रवाह वेगळा करायचा. आम्हाला जाहिराती दिसतात तेव्हा ब्रिटिशांना दुसरंच काही दाखवतात. दोन संसार एका चुलीवर. आता तिकडचे लोक म्हणतात आमच्या गावच्या बातम्या गेल्या, आणि इकडं मला वाटतं यांच्या खासदारांच्या राजीनाम्यांशी माझा काय संबंध. सासर-माहेर एकाच वाड्यात असलेल्या बाईसारखं झालंय त्या वाहिनीचं. कुणीच खूश नाही.

पण मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो, हेही सांगायला हवं. दोन वेगळ्या वाहिन्या असताना बाहेरचीवर जो निःपक्षपाती 'जगाचा' आव होता, तो गळून पडला. तसाही तो अडीअडचणीला टिकत नव्हता. सप्टेंबर २०२२ आठवा. पाकिस्तानात पुरानं ३ कोटी ३० लाख लोकांना तडाखा दिला होता, सिंधमधली पाण्याखालची शेतं उपग्रहातून तळ्यासारखी दिसत होती. ८ तारखेला राणी एलिझाबेथ गेल्या आणि १९ तारखेच्या अंत्ययात्रेपर्यंत ती जागतिक वाहिनी सुतकात बसली. दर्शनाची रांग किती लांब, याच्यावर तासन् तास. सुतक घरच्यालाच असतं. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. फक्त घर कुणाचं ते त्या अकरा दिवसांत कळलं.

बाकीच्यांच्या तऱ्हा वेगळ्या. अल जझीरा इंग्रजी २००६ च्या नोव्हेंबरात सुरू झाली तेव्हा त्यांनी दोहा, क्वालालंपूर, लंडन आणि वॉशिंग्टन अशी चार केंद्रं ठेवली होती. सूर्य जिकडं, बातम्या तिकडून. गाझाची, सुदानची, रोहिंग्यांची बातमी तिथं जशी सविस्तर बघितली तशी दुसरीकडं क्वचित. मात्र तिच्या स्वतःच्या घरात, कतारमध्ये, काय चाललंय हे त्या वाहिनीवरून मला फारसं कधी कळलं नाही. ही घार पिलाकडं बघतच नाही, किंवा आपल्याला बघू देत नाही. जर्मनांची डॉइचे वेले कायद्यानंच बाहेरच्यांसाठी आहे, करदात्यांच्या पैशावर चालते, तरी युरोपच्या बाकावर बसूनच शाळा घेते. जपानची एनएचके मला सगळ्यात मोकळी वाटते. ती सरळ सांगते, आम्ही जपानी. जमीन जराशी हलली तरी त्यांच्या पडद्यावर नकाशा येतो. किल्लारी अनुभवलेल्या माणसाला ते फार आवडतं.

आणि चिनी सरकारी वाहिनी. आमच्या सोलापूरचं नाव इतर कुठल्याही वाहिनीपेक्षा तिच्यावर येण्याची शक्यता जास्त, ती डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. १९१० साली इथं जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर युद्धातल्या चीनला गेला, तिथंच राहिला, लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेला. शिज्याच्वांगला त्यांची समाधी आहे, इथं भैय्या चौकात स्मारक आहे. त्या वाहिनीवर कोटणीसांची शेपटी लावून ओळख करून द्यावी लागत नाही, ते घरचेच. दोन देशांचे संबंध गोड करायचे असले की त्यांचा फोटो बाहेर निघतो, सीमेवर तणातणी झाली की आत जातो, असं मला आपलं वाटतं. पण एका परक्या वाहिनीच्या घरात सोलापूरच्या माणसाची खोली आहे, हे काही थोडं नाही.

दुसऱ्यांची घरं मोजून झाली, आता आपलं. आपल्याकडच्या इंग्रजी 'जागतिक' वाहिन्यांचं जग म्हणजे पाकिस्तान, चीन आणि एखादवेळी उत्तर कोरियाचा हुकूमशहा. मराठी वाहिन्यांचं घर मुंबई-पुणे. मध्य रेल्वे वीस मिनिटं उशिरा धावली की खाली पट्टी फिरते. सोलापूरला उजनीचं पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येतंय. आमच्याकडं लग्नाची तारीख धरतानासुद्धा नळाचा वार बघतात. पण ती बातमी नाही, कारण ती रोजचीच आहे. जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीच्या रे नगरात पंतप्रधानांच्या हस्ते विडी, यंत्रमाग अशा कामगारांना १५ हजार घरं दिली तेव्हा सगळा देश सोलापूर बघत होता. पंतप्रधानांना भाषणात गहिवरून आलं, तेवढाच तुकडा दिवसभर फिरला. हजार विड्या वळायला बाईला किती तास लागतात आणि त्याचे किती मिळतात, हे त्या दिवशी मला कुठल्याही वाहिनीवर दिसलं नाही. उंबरठा पार केलेला पाव्हणा दुसराच होता.

सोलापूरकर म्हणून मी हे तावातावानं सांगते खरी. पण घार काही फक्त लंडनला नसते.

२०२५ च्याच सप्टेंबरची गोष्ट. आयातशुल्काच्या धांदलीत मी रोज रात्री दोन-दोन तास अमेरिकेच्या बातम्या बघत होते. आमच्या भागात पाऊस कोसळत होता, पण आमच्याकडं पाऊस ही कौतुकाची गोष्ट. सीना म्हणजे अर्धं वर्ष वाळू आणि बाभळी, 'सीनेला पाणी सोडा' म्हणून आंदोलनं व्हायची अशी नदी. तिला पूर येईल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. वरती धाराशिव, अहिल्यानगरला ढगफुटीसारखा पाऊस, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचं पाणी सुटलेलं. २३ तारखेच्या रात्री पुणे रस्ता लांबोटीजवळ बंद झाला. मला ते कसं कळलं? आमचा ट्रक मोहोळच्या अलीकडं अडकला म्हणून ड्रायव्हरचा फोन आला. मी पहिला प्रश्न विचारला, "कार्टन भिजले का?"

फोन ठेवला आणि मग आठवलं की मावशीचं गाव सीनेच्या काठावर आहे. माझी सख्खी मावशी. मोहोळ तालुक्यातलं लहानसं गाव, घरापासून तासाभराच्या अंतरावर. तिचा फोन बंद लागत होता. मावसभावाचाही. आईला न उठवता मी टीव्ही लावला. मराठी वाहिन्यांवर पूर होता, पण एका गावाचं दृश्य तीनदा आणि मंत्र्यांचा दौरा पाचदा. मग सवयीनं बोट पुढं गेलं. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत ट्रम्प यांचं भाषण झालं होतं आणि त्यांचा सरकता जिना मधेच बंद पडला, यावर चौघं बसून चर्चा करत होते. जिना! दुसऱ्या दिवशी रागासा चक्रीवादळानं हाँगकाँगला झोडपलं, तिथल्या एका हॉटेलाच्या काचा फोडून लाट आत घुसते ते दृश्य मी निदान वीस वेळा बघितलं. संगमरवरी फरशी, सुटाबुटातला कर्मचारी, आणि धाडकन पाणी. बघण्यासारखंच होतं, कबूल. कॅमेरा तिथं आधीच होता. मावशीच्या गावात पाणी शिरलं तेव्हा वीजच गेली होती. फोनच चालत नव्हते, चित्रीकरण करायचं कुणी?

माढ्याकडं हेलिकॉप्टरनं माणसं काढली. मावशी मात्र चालतच बाहेर पडली होती, अंधारात, नातवाला खांद्यावर घेऊन. २४ च्या संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून बोलली. शाळेत ठेवलंय म्हणाली, खिचडी मिळाली म्हणाली. मी विचारलं, काय काय गेलं? ती बराच वेळ काही बोललीच नाही.

तीन दिवसांनी भाऊ तिला आमच्याकडं सोडून गेला. तिची गोष्ट तुकड्या-तुकड्यानं कळत गेली, बहुतेक वेळा भाकरी थापताना. गोठ्यात दोन म्हशी होत्या. पाणी गुडघ्यावर आलं तशी ती सोडायला गेली. एकीचं दावं सुटलं. दुसरीचं सुटेना, कारण भिजलेलं दावं फुगतं आणि गाठ दगडासारखी होते. विळा चुलीपाशी होता, चूल पाण्यात. दातानं सोडवायला बघितलं, एवढं सांगून ती थांबायची आणि परातीतलं पीठ उगीचच दाबत राहायची. ओठाच्या कोपऱ्यात सुंभानं कापल्याची खूण होती. पाणी उतरल्यावर म्हैस तिथंच होती, दाव्याला.

२९ तारखेच्या रात्री जेवणं झाली होती. आई झोपली होती. मालकांचा मेल आला होता: अमेरिकेच्या पार्टीनं पुढची ऑर्डर थांबवली आहे, दुबईसाठी नवी कागदपत्रं तयार ठेवा. मी ते करत बसले होते आणि टीव्ही आपला चालू होता, आवाज बारीक. मावशी भिंतीला टेकून बघत होती. तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. व्हिएतनामला बुआलोई नावाचं वादळ आलं होतं. कौलांपर्यंत पाणी, नावा, आणि कमरेएवढ्या पाण्यातून एक बाई चालत येत होती, डोक्यावर बोचकं. बातमीदार मागं उभा राहून वाऱ्याचा वेग आणि हलवलेल्या लोकांचा आकडा सांगत होता.

"हे कुठलं गं गाव?"

"लांब हाय मावशी. व्हिएतनाम म्हणून देश हाय."

ती सरसावून बसली. पदर खांद्यावर ओढला, आणि पडद्याच्या कडेला, बाईच्या मागं, जिथं कॅमेरा जात नव्हता तिकडं मान वाकडी करून बघायला लागली.

"आन् हिची जनावरं कुटं हायत?"

मी आवाज वाढवला. तोवर बातमी लंडनला गेली होती.